आहारसल्ला : अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या, बेदाणे आणि वांगाचे डाग

प्रश्न : माझे वय ४३ आहे. तासगावजवळ आमची द्राक्षबाग असून फेब्रुवारी ते एप्रिल या काळात माझा बहुतेक दिवस बागेत आणि बेदाण्याच्या शेडवर जातो. गेल्या दोन वर्षांत गालांवर वांगाचे डाग आले आहेत आणि डोळ्यांच्या कडेला सुरकुत्या दिसू लागल्या आहेत. औषधांच्या दुकानात मला अँटिऑक्सिडंटच्या गोळ्यांचा १,४०० रुपयांचा डबा सुचवण्यात आला. सासूबाईंचे म्हणणे असे की, घरात पोत्याने बेदाणा असताना गोळ्या कशाला हव्यात. खरोखर कशाचा उपयोग होईल?
– एक वाचक भगिनी, जि. सांगली

उत्तर : आपल्या सासूबाईंचे निम्मे म्हणणे बरोबर आहे. डबा घेऊ नये, हे मला मान्य आहे. बेदाण्यावर मात्र त्यांनी जरा जास्तच भार टाकला आहे.

उन्हातील अतिनील किरण त्वचेत शिरले की तेथे फ्री रॅडिकल नावाचे अतिशय क्रियाशील रेणू तयार होतात. ते पेशींतील स्निग्ध पदार्थांना, प्रथिनांना आणि डीएनएला इजा करतात आणि त्याचबरोबर त्वचेला घट्टपणा देणारे कोलॅजन तोडणारी विकरेही वाढतात. अँटिऑक्सिडंट म्हणजे या रेणूंना निष्प्रभ करणारे पदार्थ. त्यांतील काही आपले शरीर स्वतः तयार करते, पण ‘क’ जीवनसत्त्व त्याला तयार करता येत नाही, आणि कोलॅजनचे धागे पक्के होण्यासाठी तर ते लागतेच. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या शिफारशीनुसार प्रौढ स्त्रीला ते दिवसाला ६५ मिलिग्रॅम पुरते. एक मध्यम आकाराचा पेरू खाल्ला तरी ही गरज भागून वर उरते, आणि आवळ्यात तर ते त्याहूनही जास्त असते. हे जीवनसत्त्व उष्णतेने नष्ट होते व पाण्यात उतरते, म्हणून लिंबू वरणात उकळू न देता ताटात वाढल्यावर पिळावे.

आता बेदाण्याकडे येऊ. द्राक्षाचे घड डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या द्रावणात बुडवून आपण रॅकच्या जाळीवर पसरता, तेव्हा सालीवरचा मेणासारखा थर विरळ होतो आणि पुढच्या पंधरा-वीस दिवसांत मण्यातील पाणी उडून जाते. त्यासोबत द्राक्षातले मुळातच बेताचे असलेले ‘क’ जीवनसत्त्वही बहुतेक संपते. पॉलिफिनॉल गटातील काही अँटिऑक्सिडंट टिकतात, हे खरे. पण उरलेल्या वजनात निम्म्याहून जास्त साखरच असते, आणि रक्तातील साखर सतत चढी राहिली तर ती कोलॅजनच्या धाग्यांना चिकटून त्यांना ताठर करते. तेव्हा दहा-पंधरा बेदाणे आवडीने खावेत, त्वचेचे औषध म्हणून मूठमूठ खाऊ नयेत. बागेत काळ्या द्राक्षांच्या चार वेली असतील तर ती सालीसकट खाणे अधिक चांगले, कारण काळा रंग देणारे अँथोसायनिन सालीतच असते.

कॅरोटीन गटातील रंगद्रव्ये खरोखरच त्वचेपर्यंत पोहोचतात. रोज ढीगभर गाजरे खाणाऱ्यांचे तळहात पिवळसर होतात, ते यामुळेच. टोमॅटोतील लायकोपिन याच गटातले. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या जर्मनीतील एका प्रयोगात, रोज ४० ग्रॅम टोमॅटो पेस्ट ऑलिव्ह तेलासह घेणाऱ्यांची त्वचा दहा आठवड्यांनंतर अतिनील किरणांनी इतरांपेक्षा सुमारे ४० टक्के कमी लाल झाली. प्रयोग लहान होता, आणि या संरक्षणाला सनस्क्रीनची सर नाही. तरीही त्यातून दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. लायकोपिन शिजवलेल्या टोमॅटोतून आणि तेलासोबत अधिक शोषले जाते, त्यामुळे आपल्याकडची फोडणीची टोमॅटो चटणी उत्तम. आणि फरक पडलाच तर तो आठ-दहा आठवड्यांनी, तोही थोडाच. शेवग्याचा पाला, मेथी, पालक यांनाही तेलाची फोडणी हवीच. भाकरीसोबत शेंगदाण्याची चटणी असतेच. तिच्यातून ‘ई’ जीवनसत्त्वही मिळते.

गोळ्यांविषयी माझे मत स्पष्ट आहे. घरचे ताट असे असताना त्यांतून जास्तीचे काही मिळेल असे वाटत नाही, आणि अँटिऑक्सिडंट जितके जास्त तितके चांगले, ही समजूत चुकीची ठरलेली आहे. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या पुरुषांना बीटा कॅरोटीनच्या गोळ्या देऊन मोठी चाचणी झाली. १९९४ साली तिचे निष्कर्ष आले तेव्हा गोळ्या घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी न होता सुमारे १८ टक्के जास्त आढळला. घरात कोणी विडी-सिगारेट ओढत असेल, तर असा डबा त्यांच्या हाती पडू देऊ नका.

आपल्या डागांचे आणि सुरकुत्यांचे मुख्य कारण मात्र ऊन हेच दिसते, आणि ते आहाराने अडत नाही. शेडच्या जाळीतूनही अतिनील किरण काही प्रमाणात येतात. एसपीएफ ३० चे सनस्क्रीन लावून घाम येत असताना दर दोन तासांनी ते पुन्हा लावावे, रुंद काठाची टोपी घालावी किंवा पदर कपाळावर पुढे घ्यावा, आणि घड पसरण्याचे काम शक्य तितके सकाळी दहाच्या आत उरकावे. डाग पसरत असतील तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा आणि गर्भनिरोधक गोळ्या चालू असल्यास तेही सांगा, कारण त्यांनीही वांगाचे डाग वाढू शकतात.