दिरांनी पाहिलेलं सौदी आणि मुलाला दिसणारं सौदी

नमस्कार ताई,

मुलगा टी.वाय.बी.कॉम.ला आहे, टॅली येतं, आणि वीस वर्षं रियाधमध्ये काढून आलेले तुमचे दीर म्हणतात, "तिथली माणसं ऑफिसात चहा पितात, हिशेब आपलीच पोरं लिहितात. अकाउंटंटला मरण नाही." यावर विसंबून मुलाला पाठवावं का, असं तुम्ही विचारलंय.

दिरांनी पाहिलं ते खोटं नाही, पण आता जुनं झालंय.

आधी त्या चहाबद्दल. तेलाचा पैसा आखाती सरकारांनी नागरिकांपर्यंत पोचवला तो बराचसा सरकारी नोकऱ्यांच्या वाटेने. पगार बरा, वेळ कमी, नोकरी पक्की. खासगी मालकाला मात्र परदेशी माणूस स्वस्तात मिळे, आणि कफाला पद्धतीमुळे, म्हणजे कामगाराचा व्हिसा मालकाच्या हाती असल्यामुळे, तो सहजासहजी सोडूनही जात नसे. मग स्थानिक तरुण सरकारी जागेची वाट बघत राहिला तर तो आळशी कसा? एमपीएससीच्या अभ्यासिकेत सहा वर्षं काढणाऱ्या पोराला आपण आळशी म्हणतो का? इजिप्तमध्ये राष्ट्राध्यक्ष नासरच्या काळात सरकारने पदवीधरांना नोकरीची हमी दिली. पुढे नेमणुकीसाठी वर्षानुवर्षं थांबावं लागू लागलं, तरी ओढ सुटली नाही. तिथली म्हणच आहे: सरकारी नोकरी हुकली, तर निदान तिच्या धुळीत लोळून घे. आणि ओळखीपाळखीने काम करून घेण्याला अरब देशांत 'वास्ता' म्हणतात. (आपला 'वशिला'ही अरबीतूनच आलाय, तेव्हा हसू नका.)

उलट ट्युनिशियातला मोहम्मद बुअझीझी बघा. हातगाडीवर फळं-भाजी विकून तो घर चालवत होता. १७ डिसेंबर २०१० रोजी माल जप्त झाला, दाद लागेना, आणि त्याने स्वतःला पेटवून घेतलं. काम नको असलेल्या माणसाची ही गोष्ट नाही.

आता मुद्द्याचं. सौदीत २०११ पासून 'निताकात' आहे: कंपनीत सौदी माणसं किती, त्यावर तिला हिरवा, लाल असा रंग मिळतो आणि त्या रंगावर परदेशी माणसांसाठीचे व्हिसा. २०२१ मध्ये पाच किंवा जास्त लेखापाल असलेल्या खासगी कंपन्यांत ३० टक्के सौदी हवेत असा नियम आला. पुढे तो आणखी कडक होत गेला. नोकरी-व्यवसायात उतरणाऱ्या सौदी बायकांचं प्रमाण २०१७ मध्ये पाचातल्या एकीहूनही कमी होतं, आता ते तिघींतल्या एकीच्या आसपास आहे. त्यांनाही याच खुर्च्या हव्यात.

म्हणून नुसत्या टॅलीवर पाठवू नका. सौदीत २०१८ पासून व्हॅट आहे, २०२० पासून तो १५ टक्के आहे, ई-इन्व्हॉइसही सक्तीचं झालंय. इथे दोन वर्षं जीएसटीचं काम करू दे, सोबत एसीसीए किंवा सीएमए यांपैकी लेखापालाची एखादी व्यावसायिक परीक्षा धरू दे. थोडी अरबी शिकू दे, कारण तिथली बिलं अरबीत असतात. तिथल्या 'सॉक्पा' या लेखापाल संस्थेकडे नोंदणीही लागते.

ऑफर आलीच, तर व्हिसावर हुद्दा काय लिहिलाय ते आधी वाचा. काम हिशेबाचं आणि हुद्दा भलताच असेल, तर एजंटाला एक रुपयाही देऊ नका.