'बेअर-डॉग' हा नामशेष मांसभक्षक प्राणी कुत्रा आणि अस्वल या दोघांचा पूर्वज होता का?

नाही. उत्तर खरं तर इथेच संपलं. पण याच एका वाक्यापायी मी एक संग्रहालय सोडलंय, तेव्हा थोडं ऐकून घ्या.

मी तिथे दर रविवारी बिनपगारी जायचो, आलेल्या लोकांना जीवाश्मं समजावून सांगायला. एकदा ॲम्फिसायॉन या बेअर-डॉगच्या कवटीची प्लास्टरची प्रतिकृती आली आणि तिच्याखाली पाटी लागली : 'अर्धा कुत्रा, अर्धं अस्वल. दोघांचाही पूर्वज.' मी म्हटलं, साहेब, हे चुकलंय. दालनप्रमुख म्हणाले, "अहो, नावातच आहे की! लोकांना सोपं करून सांगायचं असतं."

नावावरून नाती लावायची तर पाणघोडा घोड्याचा चुलतभाऊ. १८३६ साली फ्रेंच जीवाश्म-अभ्यासक लार्तेने 'ॲम्फिसायॉन' हे नाव दिलं तेच मुळी 'धड कळत नाही असा कुत्रा' अशा अर्थाचं. त्यानेच पुढे ज्याला 'हेमिसायॉन', म्हणजे अर्धा कुत्रा म्हटलं, तो निघाला अस्वलांच्या गोतावळ्यातला! आपल्या नेहमीच्या काळ्या अस्वलाचं (इंग्रजीत 'स्लॉथ बेअर') काय झालं होतं? १७९१ साली इंग्रज प्राणिशास्त्रज्ञ जॉर्ज शॉने त्याला चक्क स्लॉथ, म्हणजे झाडाला उलटा लटकणारा तो संथ प्राणी ठरवून 'ब्रॅडिपस' वंशात टाकलं. लांब नख्या आणि वरचे मधले दोन दात नाहीत, एवढ्यावर.

मी हार मानली नाही. ती प्रतिकृती टेबलावर उलटी ठेवली आणि शेजारी एका कुत्र्याची कवटी, तीही उलटी. दात बघू नका म्हटलं, दात खाण्याप्रमाणे बदलतात; कानाच्या भोकाजवळ बोट फिरवा. कुत्र्याच्या कवटीला तिथे मधल्या कानाभोवतीच्या हाडाचे, बोराएवढे दोन गुळगुळीत फुगवटे लागतात. अस्वलात तो भाग चपटा असतो. आणि ॲम्फिसायॉनमध्ये लहानसा, साध्या घडणीचा, कुत्र्यासारखा नव्हेच. साहेबांनी बोट फिरवलं, हात रुमालाला पुसले आणि म्हणाले, "पाटी छापून झालीय."

काळाचा हिशोबही जुळत नाही. बेअर-डॉग (कूळ ॲम्फिसायॉनिडी) साधारण ४ कोटी वर्षांपूर्वी दिसू लागतात, आणि श्वानकुळातले सगळ्यांत जुने प्राणीही साधारण तेव्हाचेच. बाप आणि मुलगा एकाच वयाचे कसे? अस्वलांची मुख्य शाखा 'उर्साव्हस' या आद्य अस्वलाच्या आसपासच्या प्राण्यांतून, सुमारे २ कोटी वर्षांपूर्वी, मार्गी लागली. बेअर-डॉग स्वतंत्रच वाढले, काही तर आजच्या मोठ्या अस्वलाएवढे झाले, आणि मायोसीन काळाच्या अखेरीस, म्हणजे सुमारे ५० लाख वर्षांपूर्वी, वंश न ठेवता संपले.

तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगतो : पाटी लिहिणाऱ्याने 'पूर्वज' हा शब्द शंभरदा विचार करून वापरावा. 'नातेवाईक' लिहायला दोनच अक्षरं जास्त लागतात.

आता एक कबुली. ॲम्फिसायॉनिडी अस्वलांना जास्त जवळचे की श्वानसदृश मांसभक्षकांच्या (कुत्रे, अस्वलं ज्यात येतात त्या मोठ्या गटाच्या) बुडाशीच फुटलेली फांदी, यावर अभ्यासकांचं अजून एकमत नाही. हेमिसायॉनलाही काहीजण वेगळं कूळ देतात. जुन्या पुस्तकांत बेअर-डॉग कधी कुत्र्यांत, कधी अस्वलांत घातलेले सापडतात, आणि साहेब बहुधा त्याच पुस्तकांवर शिकले असावेत. पण कशातही घाला, 'दोघांचाही पूर्वज' त्यातून निघत नाही.