वाचकांचे प्रश्न : चलनात न आलेल्या नोटा

प्रश्न : सही आणि क्रमांक नसलेली जुनी नोट विकत मिळते आहे. ती दुर्मीळ नमुना म्हणून घ्यावी का?

उत्तर : आधी प्रकार ठरवा. नाकारलेल्या आराखड्याची चाचणी-छपाई बहुधा एकाच बाजूला, कधी जाड कार्डावर असते. बँकांना ओळखीसाठी पाठवलेल्या ‘स्पेसिमेन’वर तसा शिक्का किंवा छिद्रे आणि अनेकदा शून्यांचा क्रमांक असतो. तुमची नोट बहुधा तिसऱ्या प्रकारची, म्हणजे छापून उरलेली, दिसते. अशांचे गठ्ठेच्या गठ्ठे बाजारात येतात, त्यामुळे भाव बेताचाच. खरी मागणी आराखड्यांना, कारण ते मोजकेच निघतात. न वापरलेल्या छापील नोटाही मोजक्याच उरल्या तर मागणी येते. उदाहरणार्थ, शीतयुद्धात पश्चिम जर्मनीने कोखेम गावातल्या बंकरमध्ये पर्यायी मार्क (गरज पडल्यास चलनात आणायच्या नोटा) साठवले होते. पुढे ते नष्ट केले गेले, म्हणून वाचलेल्या नोटांवर संग्राहक तुटून पडतात.

फसवणूक छिद्रे बुजवून किंवा शिक्का खोडून होते. नोट प्रकाशासमोर धरा, मग अतिनील दिव्याखाली पाहा : बुजवलेली किंवा खरवडलेली जागा बऱ्याचदा वेगळी चमकते. उरलेल्या नोटेवर नंतर सही-क्रमांक घालून ती ‘चलनातली’ म्हणूनही खपवतात, तेव्हा शाई भिंगाखाली तपासा.

नोट पीव्हीसीच्या पाकिटात ठेवू नका, त्यातले रसायन कागदाला चिकटते. पॉलिएस्टर वापरा.