मोंढ्यातलं १६-बिटी सॉफ्टवेअर आणि वाइन पोर्ट करायचा खटाटोप

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. परभणीच्या नव्या मोंढ्यात काकांची आडत आहे. तिथं विंडोज ३.१ च्या काळातलं हिशेबाचं सॉफ्टवेअर परवापर्यंत चालत होतं. जुना पीसी गेला, नव्यावर ६४-बिट विंडोज ११ आहे आणि ते उघडतच नाही. काकांना लिनक्स नको. म्हणून तुम्ही वाइनच (लिनक्सवर विंडोजचे प्रोग्राम चालवणारं सॉफ्टवेअर) सिग्विनवर (विंडोजवर युनिक्ससारखं वातावरण देणारा थर) पोर्ट करायला, म्हणजे तिथं चालेल असं बदलायला घेतलं आणि त्यातल्या वाइनसर्व्हरपाशी अडकलात.

भाऊ, मी पण तिथंच अडकलो होतो. लातूरच्या एका आडतीसाठी, ऐन सोयाबीनच्या सीझनमध्ये. दुकानातले मामा रोज विचारायचे, "काय करायलास रे? पट्टी कधी निघायची?" तीन आठवडे घालवून माझ्या पदरात एक कंपाइल झालेली, पण काहीही न चालवणारी फाइल पडली.

अडचण तुमच्या कोडमध्ये नाही. वाइनचं काम १९९३ साली लिनक्ससाठी सुरू झालं. वरून ते विंडोजसारखं दिसतं आणि खाली युनिक्सवर टेकतं. सिग्विनवर नेलं की वर विंडोज, मधे युनिक्सचं सोंग आणि खाली परत विंडोज! वाइनसर्व्हर ही वेगळी प्रोसेस असते. हँडलांची (फाइल, खिडकी अशा गोष्टींना विंडोज देतं त्या नंबरांची) वही तिच्याकडे असते आणि उघडलेल्या फाइलचा डिस्क्रिप्टर, म्हणजे युनिक्सकडचा तसाच नंबर, ती युनिक्स सॉकेटमधून (दोन प्रोसेसमधल्या नळीतून) दुसऱ्या प्रोसेसच्या हातात देते. ही हातोहात देण्याची सोय सिग्विनमध्ये नाही, आणि तुम्ही अडकलात ते नेमके इथे. हे कसंबसं जुगाडानं पार केलंत तरी पुढं मेमरी आहे. वाइनला ४ केबीच्या पानावर मॅपिंग लागतं, विंडोज मात्र ६४ केबीच्या हद्दीवरच जागा देतं. त्याही पुढं प्रोसेसरमधलं एफएस रजिस्टर. ३२-बिट विंडोज प्रोग्रामला आपल्या थ्रेडची माहिती त्यातून मिळते. लिनक्सवर ते वाइनला मोकळं सापडतं, पण विंडोजवर एनटीडीएलएल या विंडोजच्या स्वतःच्या पायाभूत लायब्ररीनं ते आधीच धरून ठेवलेलं असतं. एका खुर्चीवर दोन सरपंच कसे बसणार?

डब्ल्यूएसएल, म्हणजे विंडोजमध्येच लिनक्सचे प्रोग्राम चालवायची मायक्रोसॉफ्टची सोय, तीही इथं कामाची नाही. डब्ल्यूएसएल १ वर ३२-बिट लिनक्स बायनरी चालतच नाही. डब्ल्यूएसएल २ म्हणजे आत अख्खं लिनक्सच, तिथं पोर्ट करायला काही उरत नाही. शिवाय काकांना तेच नकोय.

आता जरा उलटीकडून बघा. ६४-बिट विंडोजवर कमी काय आहे? विन३२, म्हणजे ३२-बिट प्रोग्राम ज्याच्याकडून विंडोजची कामं करून घेतात तो थर, तर जागेवरच आहे, मायक्रोसॉफ्टचं अस्सल. नाही तो फक्त १६-बिटचा मजला. तो काढण्याचं कारण मायक्रोसॉफ्टनं दिलंय ते असं, की ६४-बिट विंडोजवर हँडलचे ३२ बिट कामाचे असतात. ते कापून १६ बिटांत बसवले तर माहिती सांडते. वाइनमध्ये हा मजला वेगळा काढता येतो. त्यातले १६-बिटचे कर्नल, यूझर, जीडीआय (जुन्या विंडोजचे तीन मुख्य भाग) खालच्या विन३२ लाच हाक मारतात. लिनक्सवर ते विन३२ वाइनचं असतं, विंडोजवर विंडोजचंच मिळतं. म्हणजे तेवढाच थर उचलायचा. वाइनसर्व्हर नको, युनिक्स सॉकेटही नको.

एक गाठ मात्र राहते. १६-बिट प्रोग्राम मेमरी सेगमेंट नावाच्या तुकड्यांत वापरतो आणि त्या सेगमेंटसाठी प्रोसेसरच्या एलडीटी नावाच्या तक्त्यात नोंदी कराव्या लागतात. लिनक्स त्या करू देतं. (२०१४ मध्ये कर्नलच्या एका सुरक्षा दुरुस्तीनं ६४-बिट लिनक्सवरचे १६-बिट सेगमेंटच बंद झाले होते, वाइनवाल्यांनी आरडाओरडा केल्यावर नीट तोडगा निघाला.) ६४-बिट विंडोज मात्र करू देत नाही. मग प्रोसेसरचीच नक्कल करावी लागते. वाइनव्हीडीएम, ज्याला ओटीव्हीडीएमही म्हणतात, त्यानं हेच केलंय: वाइनचा १६-बिट थर घेतला आणि मेम या आर्केड गेमच्या इम्युलेटरमधला ३८६ चा नकलाकार त्याखाली बसवला. नक्कल म्हणजे वेग कमी, पण ४८६ वर चालणाऱ्या आडत-हमाली-तोलाईच्या बेरजेला आजच्या मशीनवर तो कुणाला जाणवणार! मामांना तर जुन्यापेक्षा चपळच वाटलं.

पोर्टिंगच करून बघायचं असेल तर या कोडमध्ये हात घाला, शिकायला खरा माल इथं आहे. प्रत्येक कॉलला १६-बिट स्टॅकवरून पॅरामीटर काढायचे, सेगमेंट-ऑफसेटचा पॉइंटर सरळ पत्त्यात बदलायचा, छोट्या हँडलावरून मोठा हँडल तक्त्यात शोधायचा, मग विन३२ ला हाक मारायची आणि येताना सगळं उलट. आणखी एक, जुने प्रोग्राम "आपण सोडेपर्यंत दुसरा चालणार नाही" या भरवशावर लिहिलेले असतात, त्यामुळे वाइनला १६-बिट कोडभोवती एकच कुलूप ठेवावं लागतं. ते चुकलं की प्रोग्राम दुपारी चारला, गिऱ्हाईक समोर उभं असताना अडकतो. सकाळी तपासताना कधीच नाही.

पण त्याआधी प्रोग्रामची एक्सई फाइल हेक्स एडिटरमध्ये (फाइलचे कच्चे बाइट दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये) उघडा. सुरुवातीला एमझेड असतंच, पुढच्या हेडरची सही बघा. एनई असेल तर प्रोग्राम १६-बिट विंडोजचा, वर सांगितलेलं लागू. पीई असेल तर प्रोग्राम ३२-बिटचा आहे आणि बहुतेक नुसता इन्स्टॉलरच १६-बिटचा असेल. पुढं काहीच हेडर नसेल तर तो डॉसचा प्रोग्राम, त्याला डॉसबॉक्स हा डॉसचा इम्युलेटर लावा आणि वाइन विसरा. मोंढ्यातली बरीच सॉफ्टवेअरं फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेसमधली, डॉसचीच निघतात.

मराठी अक्षरांच्या जागी चौकोन आले तर कोडला दोष देऊ नका. ते फॉन्ट युनिकोडच्या आधीचे, इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले. नॉन-युनिकोड प्रोग्रामसाठीची भाषा इंग्रजीच ठेवा आणि तिथं यूटीएफ-८ ची खूण असेल तर काढा. माझा या एका खुणेत अख्खा दिवस गेला होता.

डेटाच्या फोल्डरची कॉपी पेनड्राइव्हवर घेतल्याशिवाय यातलं काही करू नका. हेडरमध्ये काय निघालं ते लिहा, एनई असेल तर कोणत्या कॉलवर आपटतंय तेही टाका.