थायलंडमध्ये कार्डाचं बिल रुपयांत भरू नका

तुमची पोस्ट वाचली आणि लगेच लिहायला घेतलं, कारण हे दुखणं माझ्या चांगल्या ओळखीचं आहे. फुकेतच्या हॉटेलात २०,००० बाथचं (बाथ म्हणजे थायलंडचं चलन) बिल, काउंटरवर "रुपयांत भरा, आकडा नक्की कळेल" असा सल्ला, तुम्ही पिन टाकला आणि घरी आल्यावर स्टेटमेंटमध्ये त्याच व्यवहाराखाली आणखी एक शुल्क. वर बँकेचं उत्तर, "पिन तुम्हीच टाकलात." तिकिटं आधी काढा, सीझन टाळा वगैरे सगळ्यांना माहीत असतं, ते सोडून देतो. पैसा खरा गळतो तो इथे.

आधीच सांगतो, मी बँकेत नाही आणि कुठलं कार्ड सुचवण्यात माझा फायदा नाही. शुल्कं बँकेगणिक आणि कार्डागणिक बदलतात, तेव्हा स्वतःच्या कार्डाचा शुल्कतक्ता उघडून पाहाच.

या प्रकाराला डायनॅमिक करन्सी कन्व्हर्जन, थोडक्यात डीसीसी म्हणतात. मशीनला तुमचं कार्ड भारतातलं आहे हे कळतं आणि ते बाथ की रुपये असं विचारतं. रुपये निवडलेत की दर व्हिसा किंवा मास्टरकार्डचा लागत नाही, त्या मशीनमागची यंत्रणा स्वतःचा दर लावते. त्यातला काही वाटा दुकानदाराला किंवा हॉटेलला मिळू शकतो, म्हणून काउंटरवरून एवढा आग्रह होतो.

हिशेब मांडतो. समजा बाजारात १ बाथ २.६० रुपयांना आहे. २०,००० बाथ म्हणजे ५२,००० रुपये. साध्या क्रेडिट कार्डावर ३.५ टक्के फॉरेक्स मार्कअप, म्हणजे परकीय चलनातल्या खर्चावर बँक लावते ते शुल्क, आणि त्या मार्कअपवर १८ टक्के जीएसटी, म्हणजे एकूण ४.१३ टक्के धरा. बाथमध्ये भरलं तर सुमारे ५४,१५० रुपये. आता रुपयांत भरताना डीसीसीवाल्याने ६ टक्के चढवले तर मशीनवरच ५५,१२० होतात. गोष्ट इथे संपत नाही. दुकान परदेशातलं असल्यामुळे बऱ्याच भारतीय बँका रुपयांतल्या व्यवहारावरही शुल्क लावतात. कुणी १ टक्का अधिक जीएसटी लावतं, मग ५५,७७० च्या आसपास. कुणी पूर्ण मार्कअप लावतं, मग ५७,४०० च्या घरात. तुम्हाला दिसलेलं वेगळं शुल्क बहुतेक हेच. शून्य मार्कअपचं कार्ड असतं तर बाथमध्ये साधारण ५२,००० तच भागलं असतं, आणि अशा कार्डावर रुपये निवडले तर कार्डाचा फायदाच उडून जातो.

म्हणून पिन टाकण्यापूर्वी स्क्रीनवर टीएचबी (बाथ) आहे की आयएनआर (रुपये) ते बघा. मशीन हॉटेलवाल्याच्या हातात असेल तर "बाथ, नो कन्व्हर्जन" एवढं स्पष्ट म्हणा. स्लिप रुपयांची निघाली तर सही करू नका, तिथेच ती व्हॉइड, म्हणजे रद्द, करून बाथमध्ये पुन्हा घ्यायला लावा. रिफंड नको, व्हॉइड. त्यांचा दिवसाचा हिशेब बँकेकडे जाईपर्यंत व्हॉइड करता येतं, व्यवहार मुळातूनच रद्द होतो. रिफंड हा वेगळा व्यवहार असतो, तो दुसऱ्या दराने परत येतो आणि त्यात फरकाचा फटका पुन्हा तुम्हालाच.

आता तुमच्या प्रकरणाबद्दल. कॉल सेंटरचं "पिन टाकला म्हणजे संमती" हे उत्तर मला मनापासून चीड आणतं. पिन हा पैसे भरायला दिलेला होकार आहे. चलन निवडण्याचा हक्क ग्राहकाचा असतो, दुकानदाराने परस्पर निवडायचं नसतं, हे कार्ड कंपन्यांच्याच नियमांत आहे. फोनवरच्या माणसाला हे ठाऊक नसतं आणि तो तक्रार नोंदवण्याऐवजी फोन संपवतो. तेव्हा फोन सोडा, लेखी तक्रार करा. "चुकीच्या चलनात व्यवहार, डीसीसीची निवड मला दिली नाही" असं लिहा. व्हिसामध्ये यासाठी १२.३ हा डिस्प्यूट कोड, म्हणजे तक्रारीच्या प्रकाराचा क्रमांक, आहे, मास्टरकार्डमध्ये ४८३४ खाली हा विषय येतो. कोड लिहिला की अर्ज योग्य टेबलावर जाण्याची शक्यता वाढते. सोबत हॉटेलचं बाथमधलं बिल, स्लिप आणि स्टेटमेंट जोडा. मुदत असते, उशीर करू नका. ३० दिवसांत उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, फी लागत नाही. मात्र स्लिपवर "मला निवड दिली होती" या ओळीखाली तुमची सही असेल तर पैसे मिळणं अवघड आहे. काउंटरवर तुम्हाला फक्त सल्ला दिला की बटण त्यांनीच दाबलं, हे खरं खरं लिहा, खोटं लिहून केस बिघडते.

पुढच्या वेळेसाठी आणखी थोडं. एटीएमवरही हाच प्रश्न येतो, तिथे "विदाउट कन्व्हर्जन" निवडा. थाई एटीएम परदेशी कार्डाला दरवेळी साधारण २२० बाथ लावतं, काही ठिकाणी जास्तही. २,००० बाथ काढले तर हे ११ टक्के झाले, २०,००० काढले तर १.१ टक्के. थोडे थोडे काढत बसू नका. क्रेडिट कार्डाने तर काढूच नका, रोख रकमेवर पहिल्या दिवसापासून व्याज चालू होतं.

फॉरेक्स कार्डात, म्हणजे आधीच परकीय चलन भरून ठेवायच्या कार्डात, डॉलर भरून थायलंडला जाणारे पुष्कळ असतात. बाथमध्ये खर्च केला की एका चलनातून दुसऱ्यात बदलण्याचं क्रॉस करन्सी शुल्क लागतं, म्हणून कार्डात बाथचं वॉलेट (त्या चलनाचा वेगळा कप्पा) असेल तर त्यातच भरा. त्यातली शिल्लक कमी पडली तर मशीन मुकाट्याने डॉलरमधून पैसे उचलतं, तेव्हा मोठ्या बिलाआधी ॲपमध्ये शिल्लक पाहा. हॉटेलच्या डिपॉझिटला हे कार्ड देऊ नका, अडकलेली रक्कम सुटायला कधी कधी आठवडे लागतात.

रोख न्यायची तर १०० डॉलरच्या कोऱ्या, न दुमडलेल्या नोटा न्या, लहान नोटांना तिथे दर कमी मिळतो. रुपये नेऊन बदलणं तोट्याचं. बँकॉकच्या सुवर्णभूमी विमानतळावर सामान घेतल्या घेतल्या दिसणाऱ्या काउंटरवर पैसे बदलू नका, तळघरात शहरात जाणाऱ्या रेल लिंक ट्रेनच्या स्टेशनाजवळच्या काउंटरांवर दर बरेच चांगले असतात. तिथूनच शहरातल्या फया थाई स्टेशनापर्यंत ट्रेन ४५ बाथला जाते. टॅक्सी हवी असेल तर मीटरची घ्या, मीटरवर विमानतळाचा अधिभार ५० बाथ आणि टोल वेगळा.

आणि हो, थायलंडचं डिजिटल आगमन कार्ड, टीडीएसी, म्हणजे देशात शिरण्याआधी भरायचा ऑनलाइन फॉर्म, पूर्ण फुकट आहे. पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत भरायचं. सर्चमध्ये वर येणाऱ्या काही साइट त्यासाठी पैसे मागतात. सरकारी पत्ता डॉट गो डॉट टीएच ने संपतो, तो नसेल तर पासपोर्टचे तपशील टाकूच नका.