करडं पिल्लू ‘कोरात’ म्हणून विकत घेण्याआधी

ताई, तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न आहेत, ते आधी सुटे करू. इंदिरानगरात कुणीतरी दीड महिन्याचं करडं मांजराचं पिल्लू ‘प्युअर कोरात’ जातीचं म्हणून ४५ हजारांना देतंय, ते घ्यावं का, हा पहिला. तुम्ही दोघंही दिवसभर कामावर, फ्लॅट चौथ्या मजल्यावर, अशात कोरात सांभाळता येईल का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर सरळच देतो: पिल्लू गोड असेल, पण ते कोरात असण्याची शक्यता फारच कमी.

कारण एकटा रंग काहीच सांगत नाही. मांजराचा करडा रंग, ज्याला ब्रीडवाले ‘निळा’ म्हणतात, तो काळ्याचाच फिका झालेला प्रकार. रंग फिका करणारं एक जनुक आई आणि बाप दोघांकडून आलं की काळं व्हायचं ते पिल्लू करडं होतं. हे जनुक रशियन ब्लूमध्ये आहे, ब्रिटिश शॉर्टहेअरमध्ये आहे आणि पंचवटीतल्या जुन्या वाड्यांच्या पत्र्यांवर फिरणाऱ्या आपल्या देशी मांजरांतही आहे. आई करडी, पिल्लू करडं, यावरून जात ठरवायची तर निम्म्या नाशिकची वंशावळ काढावी लागेल.

कोरात ही थायलंडची जात, तिथल्या ईशान्य भागातल्या नाखोन रात्चासिमा प्रांतावरून ओळखली जाणारी. नव्या जोडप्याला शुभ म्हणून या मांजरांची जोडी द्यायची तिकडे जुनी पद्धत आहे. पाऊस लांबला की मांजर पिंजऱ्यात घालून गावभर मिरवायचं आणि लोकांनी तिच्यावर पाणी उडवायचं, अशीही प्रथा. (आपल्याकडे धोंडी निघते, तिकडे मांजर. तिला कुणी विचारत नाही.) १९५९ साली नारा आणि दारा ही जोडी अमेरिकेत गेली आणि १९६६ साली तिथल्या कॅट फॅन्सिअर्स असोसिएशनने जातीला मान्यता दिली. वंशावळ मागे मागे नेत थायलंडपर्यंत पोचली पाहिजे, दुसऱ्या जातीशी संकर चालत नाही, रंगही एकच मान्य. त्यामुळे जगभरात ही मांजरं आधीच मोजकी आहेत. इंदिरानगरात त्यांची पिल्लं सहज विकायला यावीत, हे गणित जुळत नाही.

दिसायला कशी? तिकडे तिला ‘सी सवात’ म्हणतात, आणि हे सवात म्हणजे आपला सागरगोटा. घरात जुने सागरगोटे असतील तर एखादा उन्हात धरून बघा: राखाडी, त्यावर चांदीसारखी झाक. कोरातच्या केसाचं मूळ फिकं, वर निळसर करडा आणि टोकाला चांदी. दुसरी खूण अंगाची. रशियन ब्लूच्या अंगावर दाट दुहेरी केस असतात, हात फिरवला की मखमल लागते. कोरातला आतली लव नसते, एकच आखूड थर अंगाला चिकटून बसतो, आणि ती वळली की पाठीच्या कण्यावर केसांना भेगा पडल्यासारख्या दिसतात. चेहरा समोरून बदामाच्या आकाराचा, म्हणजे पत्त्यातल्या बदामाच्या. डोळे मोठे, हिरवे.

मात्र यातलं बरंचसं दीड महिन्याच्या पिल्लात दिसतच नाही. डोळे आधी निळसर, मग पिवळट, आणि पूर्ण हिरवे व्हायला २ ते ४ वर्षं लागतात. लहानपणी अंगावर पुसट पट्टे असू शकतात, ते पुढे जातात. त्यामुळे विक्रेत्याने व्हॉट्सअॅपवर हिरवेगार डोळे असलेला फोटो पाठवला असेल, तर तो या पिल्लाचा नाही, एवढं मात्र नक्की.

म्हणून कागद मागायचे. आई-बापाचं मान्यताप्राप्त संस्थेकडचं नोंदणीपत्र, दोघांचे १५ आकडी मायक्रोचिप (कातडीखाली बसवलेली ओळखीची चिप) नंबर आणि जनुकीय तपासणीचा अहवाल. हा तिसरा कागद लोक विसरतात, खरं तर महत्त्वाचा तोच. कोरातमध्ये जीएम१ आणि जीएम२ गँगलिओसिडोसिस असे दोन आनुवंशिक आजार आढळतात. शरीरात एक विकर (एन्झाइम) कमी पडतं, त्यामुळे मेंदूच्या पेशींमध्ये नको तो स्निग्ध पदार्थ साचत जातो. पिल्लू जन्मताना अगदी धडधाकट असतं. दोन-तीन महिन्यांचं होताना डोकं थरथरायला लागतं, मागचे पाय फाकतात, उडी चुकते, आणि तिथून पुढे उतरणच. उपचार नाही. दोष असलेलं जनुक एकाच बाजूने आलं तर मांजर आयुष्यभर ठणठणीत राहतं, कुणाला संशयही येत नाही. पण असे दोन वाहक एकत्र आले की प्रत्येक पिल्लामागे २५ टक्के धोका. गालाच्या आतून कापसाच्या काडीने घेतलेल्या नमुन्यावर ही तपासणी होते. जो माणूस खरंच कोरात पैदा करतो, त्याच्याकडे हा अहवाल तयार असतो. ‘आमच्याकडे असलं काही नसतं, मॅडम’ असं जो म्हणतो, त्याच्याकडे कोरातही नसते.

विक्रेता ‘इम्पोर्टेड लाइन’, म्हणजे परदेशातून आणलेल्या मांजरांची पिल्लं, असं म्हणाला तर एक लक्षात ठेवा: मुक्काम हलवून भारतात परतणाऱ्या माणसाला जास्तीत जास्त दोन पाळीव प्राणी आणता येतात, तेही आरोग्य प्रमाणपत्र आणि सरकारी प्राणी विलगीकरण विभागाची परवानगी घेऊन. म्हणजे त्याचेही कागद असणारच.

आमच्याकडची कोरात अशीच आलेली. मावसभाऊ बँकॉकहून कुटुंबासकट परतला, पुढे त्याची फिरतीची नोकरी सुरू झाली आणि मांजर गंगापूर रोडला आमच्याकडे राहिली. वजन जेमतेम साडेतीन किलो, पण उचलली की हाताला अपेक्षेपेक्षा जड लागते, सगळा स्नायू. तिचा खरा खर्च पैशांचा नाही, सोबतीचा आहे. एक माणूस निवडते आणि त्याच्या मागे मागे फिरते. आमच्याकडे तो मान आईला. आई भाजी निवडायला बसली की ही शेजारी बसते, मेथीची काडी पायाने सरकवते आणि आई ओरडली की तीच काडी परत ओढून घेते. आई दोन दिवस नाशिकरोडला मावशीकडे गेली तर खाणं निम्म्यावर. दिवसभर बंद फ्लॅटमध्ये एकटी ठेवायची ही जात नाही. हे तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: एकटी असेल तर नको, जोडी असेल तर विचार करा.

आवाजाचंही तसंच. कुकरची शिट्टी रोजची असल्याने चालते. पण गणपतीआधी ढोलपथकांचा सराव सुरू झाला की ती कपाटाच्या खालच्या कप्प्यात रजयांच्या मागे. नाशिक ढोल आपल्याला कितीही प्यारा असो, तिला नाही. अशा वेळी ओढून बाहेर काढायचं नाही, कपाटाचं दार किलकिलं ठेवायचं आणि पाण्याची वाटी जवळ सरकवायची. दिवाळीतही तेच.

देखभाल एरवी सोपी आहे. आठवड्यातून एकदा कंगवा पुरतो. आतली लव नसल्याने आपली डिसेंबर-जानेवारीची थंडी मात्र तिला झोंबते; निफाडचा पारा घसरल्याची बातमी आली की आम्ही तिच्या टोपलीत जुनी लोकरी शाल घालतो. खाणं मांसाहारी हवं, दूध-पोळीवर मांजर जगतं पण पोसलं जात नाही. मांसातून मिळणारं टॉरिन हे पोषकद्रव्य कमी पडलं तर डोळे आणि हृदय दोन्ही बिघडतात. सासूबाई दूध घालणार असतील तर त्यांना प्रेमाने सांगा, बहुतेक मोठ्या मांजरांना ते पचत नाही. आणि ताप वाटला म्हणून घरातली पॅरासिटामॉलची गोळी अर्धीसुद्धा देऊ नका, मांजरासाठी ती विष आहे. कुत्र्याचं पिसवांचं औषधही मांजराला लावायचं नाही. त्यात बरेचदा परमेथ्रिन हे कीटकनाशक असतं, आणि मांजरासाठी तेही विषच.

आता त्या माणसाला फोन करून फक्त मायक्रोचिप नंबर आणि जीएम१-जीएम२ चा अहवाल मागा. तो थेट भावावर आला, ४५ चे २० करायला लागला, तर काय ते समजून घ्या. पिल्लावर जीव जडलाच असेल तर देशी मांजर म्हणून घ्या, देशी मांजराच्या हिशेबाने घ्या, आणि त्याचं एखादं भावंडही सोबत आणा. दोघं तीन महिन्यांची होईपर्यंत आईजवळ राहू द्या, तिहेरी लसीचे डोस तिथेच सुरू करून घ्या. तेवढ्या वेळात गॅलरीला जाळी बसवून घ्या, कबुतरांसाठी लावतात तसली मजबूत. डासांची जाळी चौथ्या मजल्यावर मांजराच्या नखांपुढे टिकत नाही.