अंगठा लागत नाही, म्हणजे नेमकं काय?

प्रश्न : आई चार घरची धुणीभांडी करते. दोन महिने झाले, रेशन दुकानातल्या मशिनवर तिचा अंगठा लागत नाही. दुकानदार ‘आधार अपडेट करून या’ म्हणून परत पाठवतो. काय करावं?
– एक वाचक, मानखुर्द

उत्तर : आधार केंद्राच्या रांगेत उभं राहण्याआधी मशिनवर कोणता एरर कोड आला ते बघा. 300 म्हणजे ठसा जुळला नाही. 330 म्हणजे बायोमेट्रिक (बोटांचे ठसे, डोळ्यांचं स्कॅन) लॉक आहे. ते उघडायचं असतं, अपडेट करून उपयोग नाही. 811 म्हणजे आधारच्या नोंदीत बायोमेट्रिकच नाही. तेव्हा मात्र केंद्र गाठावंच लागतं. दुकानदाराने कोड सांगितला नाही तरी अडत नाही. मोबाइल आधारशी जोडलेला असेल तर माय-आधार पोर्टलवर ‘ऑथेंटिकेशन हिस्टरी’त मागच्या सहा महिन्यांतले प्रयत्न तारीख-वेळेसह दिसतात, फसलेलेसुद्धा. ते पान छापून ठेवा. आई दुकानात गेली होती, याचा तो पुरावा.

धुणीभांडी करणाऱ्यांच्या बाबतीत बहुधा 300च निघतो. साबण-सोड्याने बोटांच्या रेषा झिजतात, कोरड्या कातडीचा ठसा फिका उमटतो. मशिनची काच पुसा, बोट किंचित ओलसर करून लावा. थबथबलेलं नको, नाहीतर रेषा एकमेकींत मिसळून नुसता डाग उमटतो. आणि अंगठ्याचाच हट्ट कशाला? आधारमध्ये दहाही बोटं नोंदलेली असतात. अनामिका लावून पाहा.

तरीही जमलं नाही तर डोळ्यांचं स्कॅन किंवा ओटीपी, नाहीतर कार्डावरच्या दुसऱ्या कुणाचा ठसा. केवळ ठसा जुळत नाही म्हणून धान्य नाकारू नये, वेगळ्या नोंदवहीत लिहून द्यावं, असं केंद्राने 24 ऑक्टोबर 2017 रोजी राज्यांना कळवलेलं आहे. प्राधान्य कार्डावर माणशी 5 किलो, म्हणजे चौघांच्या घराचं महिन्याला 20 किलो धान्य अडकतं. तेव्हा गप्प बसू नका. 1967 या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा आणि छापलेलं पान जोडून शिधावाटप कार्यालयात लेखी अर्ज द्या. पोच घ्यायला विसरू नका.

प्रश्न : आमच्या चाळीत असे बरेच जण आहेत. व्हॉट्सॲपवर यादी करू का?

उत्तर : ग्रुपवर आधार क्रमांक मुळीच टाकू नका. शिवाय अशा यादीत फक्त फोनवाले येतात, आणि अडचण बहुतेकदा बिनफोनच्या आज्यांची असते. त्यापेक्षा वाटपाच्या दिवशी वही घेऊन दुकानापाशी बसा. तारीख, दुकान क्रमांक, एरर कोड, धान्य मिळालं की नाही, एवढे चार रकाने पुरतात. मग माहिती अधिकारात विचारा : या दुकानात तीन महिन्यांत किती ठसे फसले, आणि त्यांतल्या कितींना नोंदवहीवर धान्य दिलं? शुल्क 10 रुपये, मुदत 30 दिवस. राज्याच्या नियमांनुसार अर्ज एकाच विषयावर आणि 150 शब्दांत बसवा.